सरोवराच्या तळावरचा देश

आफ्रिकेतल्या चाड देशाच्या कानेम भागात वाळूच्या टेकड्यांमधल्या खोलगटात हिरवीगार डबकी असतात. सकाळी कानेंबू समाजाच्या बाया भांडी-टोपल्या घेऊन तिथे उतरतात. पाण्यावरची दाट हिरवी साय गोळा करतात, गाळून घेतात आणि काठावरच्या कोरड्या वाळूत उथळ खळगा करून त्यात ओततात. पाणी वाळूत जिरतं, वर लगदा उरतो. तो हाताने सारखा करायचा, चौकोन पाडायचे, चटईवर वाळत घालायचे. झाली ‘दिहे’ची वडी. ती बाजारात विकली जाते आणि घरोघरी कालवणात पडते. आपल्याकडे औषधांच्या दुकानात स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्या मिळतात, तीच ही साय. बेल्जियमचे वनस्पतिशास्त्रज्ञ जाँ लेओनार यांनी 1964-65च्या मोहिमेत ही वडी पाहिली आणि पुढे तिच्यातल्या प्रथिनांची चर्चा जगभर झाली. बाया ती त्याच्या कितीतरी आधीपासून करत होत्या.

स्पिरुलिनाला खारं, सोड्याचं पाणी मानवतं. लोणारच्या सरोवरातही ती आहे. पण या डबक्यांपासून थोड्याच अंतरावर पसरलेलं चाड सरोवर चक्क गोड्या पाण्याचं आहे. त्यातून एकही नदी समुद्राकडे जात नाही. ऊन पाणी उडवून नेतं आणि क्षार मागे ठेवतं, तेव्हा लोणारसारखं तेही खारट व्हायला हवं होतं. तसं होत नाही, कारण त्याचा तळ गळका आहे. क्षारांसकट पाणी वाळूतून झिरपून भूजलात जातं आणि आसपासच्या खोलगट जागी वर येऊन आटतं. सरोवराने असं सोडून दिलेल्या मिठावर दिहे पोसली जाते.

तिथल्या लोकांच्या बोलीत ‘चाड’ म्हणजे मोठं पाणी. देशाला नाव मिळालं ते या पाण्यावरून, आणि हा देश समजून घ्यायचा तर पाण्याच्याच वाटेने जावं लागतं असं मला वाटतं.

पाणी नेहमी सर्वांत खोल जागी साठतं, असं आपण धरून चालतो. इथे तसं नाही. सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे 280 मीटरवर आहे. त्याच्या ईशान्येला काहीशे किलोमीटरवर बोदेलेचा खोलगट भाग आहे, तो शंभर मीटरहून जास्त खाली, आणि कोरडा ठणठणीत. काही हजार वर्षांपूर्वी, सहारात पाऊस पडत होता तेव्हा, हे सगळं एकच सरोवर होतं. साडेतीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राहून मोठं. त्यात डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं वाढली, मेली, आणि त्यांची काचेसारखी कवचं तळाशी थरावर थर साचत गेली. पाऊस हटला, पाणी गेलं, पांढरी भुकटी उघडी पडली. तिबेस्ती आणि एनेदी या दोन डोंगरी मुलखांच्या फटीतून घुसणारा वारा ती उचलतो. जगातल्या सर्वांत धुळकट जागांपैकी ही एक आहे.

ती धूळ अटलांटिक ओलांडते. नासाच्या कॅलिप्सो उपग्रहाच्या नोंदींवरून 2015 मध्ये हिशेब मांडला गेला. दरवर्षी सुमारे 2.8 कोटी टन आफ्रिकी धूळ अॅमेझॉनच्या खोऱ्यात पडते आणि तिच्याबरोबर झाडांना लागणारा सुमारे 22,000 टन फॉस्फरस जातो. पावसापुरात तिथून साधारण तेवढाच फॉस्फरस वाहून जातो. यात बोदेलेचा वाटा नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण आटलेल्या सरोवराची माती दुसऱ्या खंडातल्या जंगलाला पोचते, ही गोष्ट मला प्रत्येक वेळी थक्क करते.

याच परिसरात, जुराबच्या वाळवंटात, 2001 मध्ये आउंता जिमदुमालबाये यांना एक कवटी सापडली. मिशेल ब्रुने यांच्या पथकाने तिचं वय सुमारे 70 लाख वर्षं ठरवलं. मानवाच्या वंशवेलीच्या मुळाशी असलेल्या सर्वांत जुन्या अवशेषांत तिची गणना होते. तिचं नाव ‘तुमाई’. कोरडा ऋतू सुरू होण्याच्या तोंडावर जन्मलेल्या बाळाला तिथे हे नाव ठेवतात. अर्थ, जगण्याची आशा.

आता आजच्या सरोवराकडे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ते 20,000 चौरस किलोमीटरहून मोठं होतं. 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत उघडं पाणी 2,000 चौरस किलोमीटरच्या आसपास उरलं. आपल्याकडचा 1972चा दुष्काळ म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. त्याच सुमारास सहाराच्या दक्षिणेकडचा साहेलचा पट्टाही होरपळत होता, आणि 1984 मध्ये पुन्हा. सरोवर परातीसारखं उथळ आहे, त्यामुळे पातळी थोडी खाली गेली की काठ मैलोगणती मागे सरकतो. जुन्या-नव्या उपग्रहचित्रांची जोडी सतत छापली जाते, आणि सरोवर मरतंय अशी समजूत होते. पण 1990च्या दशकापासून ते सावरलं आहे. दक्षिणेकडचा भाग टिकून आहे, आणि वरून जे हिरवं दिसतं त्यातला बराचसा भाग पाण्यात उभी असलेली लव्हाळी आहेत.

दूर मध्य आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या उपनद्यांचं पाणी कालव्याने इथे आणायची ‘ट्रान्सअ‍ॅक्वा’ योजना कित्येक वर्षं चर्चेत आहे. मला ती पटत नाही. सरोवर आटतच चाललंय हे गृहीत धरून ती आखलेली आहे.

आटणं म्हणजे निव्वळ तोटा, हेही खरं नाही. उजनीच्या काठी पाणी ओसरल्यावर गाळपेर करतात ना, तीच रीत इथे आहे. बोल गावाजवळ बांध घालून सरोवराच्या तळाचे तुकडे शेतीखाली आणले आहेत. बेटांवरच्या बुदुमा लोकांकडे कुरी जातीची गुरं असतात. भोपळ्यासारख्या फुगीर, आतून पोकळ शिंगांची ही गुरं चाऱ्यासाठी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जातात.

सरोवरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे 90 टक्के पाणी शारी आणि लोगोन या नद्या आणतात. दोन्हींच्या संगमावर राजधानी एनजामेना आहे. देशाच्या दक्षिणेत हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सरोवरापाशी 300च्या आत-बाहेर, उत्तरेत जवळजवळ काहीच नाही. दक्षिणेत शेतकरी, मधल्या पट्ट्यात उंट-गुरं घेऊन फिरणारे, उत्तरेत वाळवंटातल्या टोळ्या. फ्रेंच राज्यकर्त्यांनी दक्षिणेला ‘उपयोगी चाड’ म्हटलं आणि तिथे सक्तीने कापूस लावायला लावला. शाळाही तिकडेच जास्त निघाल्या. 1960 मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ही दरी आयतीच हाती आली. दक्षिणेतले पहिले अध्यक्ष तोंबालबाये 1975च्या बंडात मारले गेले. पुढचे एक अध्यक्ष इसेन हाब्रे यांच्या 1982 ते 1990च्या राजवटीतल्या छळांबद्दल त्यांना 2016 मध्ये सेनेगलमधल्या विशेष न्यायालयाने जन्मठेप दिली. त्यासाठी पीडितांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. त्यांच्यानंतर आलेले इद्रिस देबी तीस वर्षं सत्तेवर राहिले. 2021 मध्ये ते लढाईच्या आघाडीवर जखमी होऊन गेल्याचं लष्कराने जाहीर केलं आणि मुलगा महामत देबी पुढे आले.

2003 मध्ये दक्षिणेतल्या दोबाच्या विहिरींतलं तेल सुमारे 1,070 किलोमीटरच्या नळातून कॅमेरूनच्या किनाऱ्यावर जाऊ लागलं. जागतिक बँकेने मदत केली ती एका अटीवर, उत्पन्नाचा मोठा हिस्सा शिक्षण, आरोग्य, पाणी यांवर खर्चायचा. तसा कायदाही झाला. तेल वाहू लागल्यावर दोन-अडीच वर्षांतच सरकारने तो बदलून पैसा सुरक्षेकडे वळवायची सोय केली आणि 2008 मध्ये बँक बाहेर पडली. तेलाने देश बदलेल असं म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, एनजामेनाबाहेरच्या पाण्याच्या किती विहिरींवर पंप बसले? आजही बहुतेक लोक शेती आणि गुरांवरच जगतात. त्यात 2023 पासून सुदानच्या युद्धातून सात लाखांहून अधिक माणसं पूर्वेकडच्या आद्रे भागातून आत आली आहेत. हा तर मुळातच पाण्याचा तुटवडा असलेला मुलूख.

सरोवराला पूर येतो तो पाऊस संपल्यावर. पाणी पडतं दूर दक्षिणेत, पावसाळ्यात. सपाट मुलखातून रेंगाळत ते सरोवरात पोचतं, आणि पातळी सर्वांत वर जाते डिसेंबर-जानेवारीत, आकाश कोरडं आणि वारा धुळीने भरलेला असताना. मग काठ मागे सरू लागतो, आणि ओल्या काळ्या पट्ट्यावर मका पेरला जातो.