मोहावीच्या वाळवंटात झाडं लावायला जायचंय? अर्ज असा करा

ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात वीज पडून वणवा पेटला. ४३ हजार एकरांहून जास्त भाग जळाला आणि सुमारे १३ लाख जोशुआ झाडं (या वाळवंटातली टोकदार पानांची झाडं) गेली, असा अंदाज आहे. हे झाड वर्षाला जेमतेम इंच-दोन इंच वाढतं. त्यामुळे मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह या तिथल्या सरकारी राखीव क्षेत्राने रोपं लावायला स्वयंसेवक बोलावले. रोपं वाहायला चक्क उंट आले होते. लॉस एंजेलिस किंवा अर्वाइनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा भाग गाडीने काही तासांवर आहे. अशा कामात आपली माणसं दिसायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

व्हॉलंटिअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडा आणि मोहावी किंवा त्याच भागातली राष्ट्रीय उद्यानं, म्हणजे जोशुआ ट्री किंवा डेथ व्हॅली, अशा नावाने शोधा. प्रत्येक कामाखाली तारखा, वयाची अट आणि किती अंगमेहनत पडेल ते दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय अर्ज करू नका. रोपं लावणं थंडीच्या आसपास चालतं. उन्हाळ्यात फारसं हाती लागणार नाही.

निवड झाली की ‘ओएफ-३०१ए’ हा स्वयंसेवक करारनामा भरायचा. नाव, पत्ता, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं आणि काय काम करणार याचं वर्णन, एवढंच त्यात असतं. मुलगा-मुलगी १८ वर्षांखालील असेल तर पालकांची सही लागते. कामाचं वर्णन मात्र नीट वाचून घ्या. मानधन मिळत नाही, पण काम करताना इजा झाली तर संघराज्य सरकारची भरपाई लागू होते, आणि ती करारात लिहिलेल्या कामापुरतीच. म्हणून सही होण्याआधी फावड्याला हात लावू नये. सरकारी गाडी चालवायची असेल तर वैध परवाना दाखवावा लागतो.

आता व्हिसा. आपली बरीच मंडळी इथेच अडतात. नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना अडचण नाही. बाकीच्यांना व्हिसाचा प्रकार लिहावा लागतो, तेव्हा एच-१बी (नोकरीचा) किंवा एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांचा) असेल तर उद्यानाच्या समन्वयकाला पहिल्याच ई-मेलमध्ये सांगून टाका. भारतातून खास या कामासाठी यायचं असेल तर पर्यटक व्हिसा चालत नाही, जे-१ हा देवाणघेवाण कार्यक्रमांचा व्हिसा लागतो. आधी एखाद्या उद्यानाने तुम्हाला घ्यायला हवं. मग नॅशनल पार्क सर्व्हिसकडून, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडून, जे-१ साठी लागणारं डीएस-२०१९ हे पात्रतेचं पत्रक येतं, त्यानंतर वकिलातीतली मुलाखत. आरोग्य विमा किमान १ लाख डॉलरचा हवा.

सगळ्यांनाच रोपं लावायला मिळतात असं नाही. गाड्यांनी बेकायदा पाडलेल्या चाकोऱ्यांत वाळक्या फांद्या उभ्या पुरायचं काम असतं. वाट बुजल्यासारखी दिसते, गाड्या तिकडे वळत नाहीत, आणि वाऱ्याबरोबर उडणारं बी फांद्यांपाशी अडकून रुजतं. कुठे सहारा मोहरीसारखं परकं तण उपटायचं असतं. काळपट, खडबडीत मातीवर पाय देऊ नका. तो जिवंत थर असतो आणि तुटला की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. कासव दिसलं तर उचलू नका. घाबरून ते साठवलेलं पाणी सोडतं, आणि उन्हात तेच त्याच्या जिवावर बेततं.

प्रत्येक वेळचे तास नोंदवून ठेवा. २५० तास भरले की संघराज्य उद्यानांचा वर्षभराचा प्रवेश पास मोफत मिळतो.