अरीनातले दोन सीझन: रँकचं बक्षीस आणि मास्टरी पास

'मॅजिक अरीना' हा पत्त्यांचा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या भाच्याचा मेसेज आला: "मामा, सीझन संपायला तीनच दिवस राहिलेत. पास घेऊन टाकू का?" मी विचारलं, कुठला सीझन? तर म्हणे, "कुठला म्हणजे? सीझन म्हणजे सीझन." संपत होता तो रँकचा महिना. पासला अजून पाच आठवडे बाकी होते. घाईघाईत तो खर्च करून बसला असता आणि त्या खर्चाचा त्या तीन दिवसांशी काडीचाही संबंध नव्हता.

'मॅजिक: द गॅदरिंग अरीना' खेळणाऱ्यांत ही गल्लत नेहमीची. १९९३ पासून कागदी पत्त्यांवर चालत आलेल्या मॅजिकची ही डिजिटल आवृत्ती. २०१९ मध्ये ती रीतसर बाजारात आली, २०२१ मध्ये मोबाइलवर. (घरच्यांना 'पत्त्यांचा गेम' म्हटलं की रमी आठवते. इथे जिंकलेले पत्ते विकून रोख करता येत नाहीत, हे एकदा सांगून टाकलेलं बरं.) गेममध्ये बक्षिसांच्या दोन शिड्या शेजारी-शेजारी चालतात आणि दोन्हींना लोक सीझनच म्हणतात. एक रँकची, दर महिन्याला संपणारी. दुसरी मास्टरीची (भाच्याचा पास हिचाच, जास्तीच्या बक्षिसांसाठी विकत घ्यायचा), पत्त्यांचा नवा संच आला की सुरू होणारी आणि पुढचा संच येईपर्यंत चालणारी. पहिलीवर तुम्ही जिंकून चढता. दुसरीवर हजेरी लावून.

आधी रँक. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड आणि सगळ्यात वर मिथिक. महिन्याअखेर तुम्ही गाठलेल्या पायरीप्रमाणे बक्षीस खात्यात पडतं. ब्राँझला १ पॅक (नव्या पत्त्यांचं पाकीट). सिल्व्हरला १ पॅक आणि ५०० गोल्ड (हे गोल्ड म्हणजे गेममधलं चलन, पायरीचं नाव वेगळं). गोल्ड पायरीला २ पॅक, १००० गोल्ड आणि एका पत्त्याची सजावट. प्लॅटिनमला ३ पॅक, डायमंडला ४, मिथिकला ५. १००० गोल्ड मात्र तेवढंच राहतं, आणि सजावटी या तिन्ही पायऱ्यांना दोन-दोनच. म्हणजे गोल्ड पायरीच्या वर प्रत्येक टप्प्याला खरी वाढ एका पॅकची. दुकानात पॅकची किंमत १००० गोल्ड, आणि रोजचा एक क्वेस्ट (गेमने नेमून दिलेलं काम) ५०० किंवा ७५० गोल्ड देतो.

आता हा एक पॅक मिळवायला काय पडतं ते बघा. स्वतःचा डेक (आधी जुळवून ठेवलेली पत्त्यांची गड्डी) घेऊन खेळायच्या कन्स्ट्रक्टेड रँकमध्ये डायमंडचे चार टप्पे आणि प्रत्येक टप्प्यात सहा घरं. एका डावाच्या सामन्यात जिंकलात तर एक घर पुढे, हरलात तर एक घर मागे. म्हणजे डायमंडच्या तळापासून मिथिकला पोचायला हरण्यापेक्षा २४ विजय जास्त हवेत. शंभरात ५५ डाव जिंकणारा खेळाडू चांगला म्हणायचा. त्याचे ५५ विजय, ४५ पराभव, शंभर डावांमागे शिल्लक १० घरं. २४ घरांसाठी साधारण २४० डाव. डाव सात मिनिटांचा धरला तरी २८ तास. एका पॅकसाठी!

त्या तासांत रोजच्या विजयांचं गोल्डही मिळतं, ते धरायला हवं. पण तेही पहिल्या काही विजयांतच संपतं: पहिला विजय २५० गोल्डचा, पुढचे तीन १००-१००चे आणि त्यानंतर चिल्लर. चौथ्या विजयानंतर उठलात तरी दिवसाची मलई खाऊन झालेली असते.

मी स्वतः एकदा महिन्याच्या शेवटच्या रात्री डायमंडच्या वरच्या टप्प्यावर अडकलो होतो. मिथिकला दोन घरं बाकी. मध्यरात्र उलटलेली, डोळे चुरचुरत होते आणि समोरच्याने तिसऱ्या चालीलाच टेबल साफ केलं. तीन डाव हरलो आणि सीझन संपला. सकाळी बक्षीस उघडलं तर ४ पॅक. पाच असते तर माझ्या आयुष्यात काय फरक पडला असता, हे चहा पिताना सुचलं, रात्री नाही. मिथिकचा मान वेगळा, आणि यादीत अगदी वर असलेल्या मोजक्यांना स्पर्धांचं दार उघडतं. त्यांची गोष्ट निराळी. बाकीच्यांनी तो मान म्हणून मिळवावा, कमाई म्हणून नव्हे.

खरी स्वस्त कमाई खालच्या पायऱ्यांवर आहे आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. कन्स्ट्रक्टेड आणि लिमिटेड (म्हणजे ड्राफ्टचे खेळ, पॅकमधून एकेक पत्ता उचलत तिथल्या तिथे डेक बनवायचे) यांचे रँक वेगळे आणि बक्षिसंही वेगळी. नुसतं कन्स्ट्रक्टेड खेळणाऱ्याने महिन्यात एखादा रँकचा ड्राफ्ट खेळला तरी दुसऱ्या खात्यातून काहीतरी पदरात पडतं. डायमंड ते मिथिकच्या २८ तासांपुढे वेळेच्या हिशेबात हे फुकटच.

पासचं गणित पूर्ण वेगळं. त्याची किंमत ३४०० जेम (गेममधलं दुसरं चलन, बहुधा खरे पैसे देऊन घ्यायचं). १९.९९ डॉलरला मिळणारा जेमचा गठ्ठाही बरोबर ३४०० चाच आहे, हा योगायोग समजू नका. मास्टरीच्या शिडीला दोन ओळी: एक सगळ्यांना फुकट, दुसरी पास घेतलेल्यांनाच. पासच्या ओळीत पॅक, थोडं गोल्ड, थोडे जेम परत, ड्राफ्टचं टोकन (एका ड्राफ्टचं तिकीट), मिथिक पत्ते (सर्वांत दुर्मीळ, रँकच्या मिथिकशी संबंध नाही), स्लीव्ह (पत्त्यांच्या पाठीचं डिझाइन), पेट (टेबलावरचा शोभेचा प्राणी) आणि पत्त्यांच्या सजावटी असतात. संचागणिक आकडे बदलतात, त्यामुळे विकत घेण्याआधी त्या संचाची यादी उघडून बघावी लागते.

पास म्हणजे मेसचं कार्ड. पैसे एकरकमी दिलेत, आता किती वेळा जेवायला जाता त्यावर थाळी कितीला पडली ते ठरणार. शिडीच्या एका लेव्हलला १००० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात. रोजच्या क्वेस्टला ५००, शिवाय आठवड्यातले पहिले १५ विजय प्रत्येकी २५० चे. आठवड्यात सात क्वेस्ट आणि १५ विजय झाले तर ३५०० अधिक ३७५०, म्हणजे ७२५० एक्सपी, सात लेव्हल आणि वर थोडं. रोज बसायची गरज नाही, कारण क्वेस्ट तीनपर्यंत साचून राहतात. तिसऱ्या दिवशी एकदा बसलात तरी सगळे पदरात पडतात. विजयांचे एक्सपी मात्र साचत नाहीत. आठवडा रविवारी बदलतो, आपल्याकडे दुपारी अडीचला. रविवारचं जेवण उरकून राहिलेले विजय पुरे करू म्हणणारा बहुधा डुलकी काढतो आणि हिशेब शून्यावर येतो.

हिशेब करताना दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे फुकट ओळीतले पॅकही पासच्या किमतीत मोजणं. ते पास नसला तरी तुमचेच आहेत. दुसरी, प्रत्येक वस्तूला दुकानचा भाव लावणं. ड्राफ्ट टोकनचा भाव १५०० जेम, पण तुम्ही ड्राफ्ट खेळतच नसाल तर तुमच्यासाठी ते शून्य. पॅकचा भाव २०० जेम, पण दुकानातून १० पॅक विकत घेतले की वर मिळणारा बोनसचा गोल्डन पॅक बक्षिसाच्या पॅकवर मिळत नाही, म्हणून बक्षिसाचा पॅक किंचित कमी धरावा. स्लीव्ह आणि पेट यांना जो भाव तुम्ही खिशातून दिला असता तोच लावायचा. बहुतेकांसाठी तोही शून्य.

ड्राफ्ट खेळणाऱ्यासाठी मात्र पास चांगलाच फळतो. टोकनने प्रीमियर ड्राफ्टमध्ये शिरलात आणि तीन डाव जिंकलात तर १००० जेम परत येतात, सातही जिंकलात तर २२००. त्यातून पुढच्या पासचे जेम साठवणारेही आहेत. फुकट खेळणाऱ्यालाही हा रस्ता खुला आहे, कारण ड्राफ्टची फी गोल्डमध्ये भरता येते. प्रीमियरला १०,००० गोल्ड, क्विक ड्राफ्टला ५०००.

भाच्याला मी सांगितलं ते एवढंच, की रँकचं बक्षीस विकत घेता येत नाही आणि पासची घाई कधीच नसते. पास शेवटच्या आठवड्यात घेतला तरी गाठलेल्या लेव्हलपर्यंतचं सगळं एकदम मिळतं. मग आधीच पैसे का अडकवायचे? परीक्षा आली, लॅपटॉप बिघडला, गेमचा कंटाळा आला, तर जेम वाचले. लेव्हल कमी पडल्या म्हणून जेम देऊन लेव्हल विकत घ्यायचा मोह होतो, तो टाळायचा. एका लेव्हलला २५० जेम म्हणजे एका पॅकपेक्षा जास्त.

पाच आठवड्यांनी पुन्हा मेसेज आला. चाळिसाव्या लेव्हलवर होता. कागदावर बेरीज मांडून फोटो पाठवला होता: जेम परत इतके, पॅक इतके, ड्राफ्ट टोकन शून्य, कारण तो ड्राफ्टला घाबरतो. बेरीज ३४०० ला पोचत नव्हती. खाली लाल पेनाने एक ओळ वाढवलेली होती: 'पेट – ९००'. मी विचारलं, हे कुठून आलं? म्हणाला, "मामा, तुम्हीच म्हणालात ना, खिशातून दिले असते तो भाव."