पहारेकऱ्याची नजर चुकवून कपाटापर्यंत

वर्गाच्या कोपऱ्यात पांढऱ्या घुमटाचा मोशन सेन्सर बसवला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हा कॅमेरा आहे का?" मुलांचा प्रश्न वेगळा असतो: "त्यातून किरण सुटतात ना, सर?" दोन्ही समज चुकीचे आहेत. या डबीत कॅमेरा नसतो आणि ती काहीही सोडत नाही. किरण सोडतो आपण. माणसाचं शरीर रात्रंदिवस अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर टाकत असतं, आणि ही डबी ते फक्त टिपते.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत आठवी-नववीच्या मुलांसाठी आम्ही 'एस्केप रूम' उभी केली, ती या एका गोष्टीच्या जोरावर. सुगावे शोधत, कोडी सोडवत, ठरलेल्या वेळेत खोलीतून सुटायचं असा हा खेळ. २००७ साली जपानमधल्या क्योटो शहरात ताकाओ काटो यांनी तो प्रत्यक्ष खोलीत आणला आणि तिथून तो जगभर गेला. शाळांमध्ये तो बहुतेक वेळा आकडी कुलपाभोवती फिरतो. आम्हीही चिठ्ठीवर "मूरु, एंटु, ऐदु" असं लिहून पाहिलं. सीमाभागातल्या पोरांना कन्नड आकडे पाठच असतात, त्यामुळे ३८५ लावून कुलूप क्षणात उघडलं. नाहीतरी तीन आकड्यांच्या कुलपाच्या शक्यता हजारच. चिकाटीचा मुलगा डोकं न लावता नुसती चाकं फिरवत बसला तरी उघडतो. यात विज्ञान कुठे आलं?

म्हणून कुलूप बाजूला ठेवलं आणि घरात वापरायची स्मार्ट उपकरणं घेतली: एक मोशन सेन्सर, कपाटाचं दार उघडल्याचं कळवणारा चुंबकी सेन्सर आणि रंग बदलणारा बल्ब. गोष्ट बेळगावजवळच्या राजहंसगडाची. सेन्सर हा गडाचा पहारेकरी, कपाट म्हणजे खजिना. पहारेकऱ्याला हालचाल दिसली की बल्ब लाल होतो आणि गटाने खोलीच्या दाराशी परत जायचं. लाल न होऊ देता कपाट उघडलं तर बल्ब हिरवा. पहारेकरी कशाला आंधळा आहे, हे शोधून काढणं एवढंच कोडं.

आता जरा त्या डबीच्या आत जाऊ. शंभर-दीडशे रुपयांना मिळणाऱ्या सुट्या सेन्सरचा पांढरा घुमट बोटांनी ओढला तर निघतो. खाली नखाएवढी गोल धातूची डबी दिसते, तिच्या माथ्यावर काळपट चौकोनी खिडकी. या खिडकीतून साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) तरंगलांबीचेच किरण आत जातात. हाच पट्टा का? आपल्या त्वचेचं तापमान ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. वस्तू कोणत्या तरंगलांबीला सर्वांत जास्त किरण सोडते ते वीनचा नियम सांगतो. त्यानुसार २८९८ ला केल्विनमधल्या तापमानाने (सेल्सिअस अधिक २७३), म्हणजे ३०६ ने भागलं की सुमारे ९.५ येतात. आपण सर्वांत जास्त 'उजळतो' ते ९.५ मायक्रोमीटरला. डोळ्यांना ०.७ च्या पलीकडे दिसत नाही, म्हणून एकमेकांचा हा उजेड आपल्याला कधी कळत नाही.

खिडकीमागे पायरोइलेक्ट्रिक पदार्थाचे दोन बारीक तुकडे असतात. या पदार्थाचं तापमान बदललं की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. टूर्मलीन नावाचा खडा तापवला की राखेचे कण ओढून घेतो, हे अठराव्या शतकात श्रीलंकेतून तो नेणाऱ्या डच व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. या गुणाला आजचं नाव स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८२४ मध्ये दिलं. इथे 'तापमान बदललं की' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. तुकडा नुसता गरम असून भागत नाही. बदल थांबला की भार झिरपून जातो. शिवाय दोन्ही तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. सगळी खोली सावकाश तापली तर दोघांवर सारखाच परिणाम होतो आणि तो एकमेकांना मारतो. एकावर ऊब पडली आणि दुसऱ्यावर नाही, तरच संकेत उरतो.

मग घुमट कशाला? पॉलिथिनच्या या टोपीवर बारीक भिंगांची नक्षी असते. दीपगृहांचा उजेड लांब जावा म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ ओगुस्तँ फ्रेनेल यांनी १८२२ च्या सुमारास जे पातळ, पायऱ्यापायऱ्यांचं भिंग बनवलं, त्याचीच ही लहान भावंडं. प्रत्येक भिंग खोलीचा एक पट्टा त्या तुकड्यांवर आणून टाकतं. माणूस आडवा चालला की तो एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातो आणि काठ्यांच्या कुंपणापलीकडून कंदील नेताना दिसावी तशी ऊब तुकड्यांवर लुकलुकते. पुढचं सर्किट साधारण सेकंदाला ०.१ ते १० वेळा होणारी लुकलुकच मोजतं, बाकी सोडून देतं.

हे एवढं समजलेल्या मुलांच्या हातात खोली दिली आणि मजा बघत राहिलो. पहिल्या गटाने गुपचूप सरपटून पाहिलं. बल्ब लाल. आवाजाचा इथे संबंधच नाही, हे त्यांना तेव्हा उमगलं. दुसऱ्यांनी थेट सेन्सरच्या रोखाने चाल केली. त्यामुळे पट्टे कमी ओलांडले जातात आणि बल्ब उशिरा पेटतो. बरोबर दिशेने पडलेलं पाऊल होतं ते. एका मुलीने जवळजवळ थांबल्यासारखी, इंचाइंचाने वाट काढली आणि ती लुकलुक मर्यादेखाली ठेवली. ती कपाटापर्यंत पोचली, पण वेळ संपली.

खरी गंमत टेबलावर ठेवलेल्या दोन वस्तूंनी आणली. एक फोटोफ्रेमची काच, कडांना चिकटपट्टी लावलेली. दुसरी कचऱ्याची पातळ काळी पिशवी. मुलांनी अर्थात पिशवी उचलली. लपायचं तर काळ्यामागेच. बल्ब ताबडतोब लाल! पातळ पॉलिथिन डोळ्यांना अपारदर्शक असलं तरी ९-१० मायक्रोमीटरच्या किरणांना जवळजवळ मोकळी वाट देतं, घुमट त्याचाच असतो तो याच कारणाने. काचेचं नेमकं उलट. ती दृश्य प्रकाश सोडते आणि हे लांब अवरक्त किरण अडवते. काच सेन्सरसमोर धरून एक जण आरामात पलीकडे गेला, समोर सगळ्यांना दिसत असताना. "सर, काच धरलो तर दिसतच नाही की ओ त्याला!" त्या पोराचा चेहरा बघायला हवा होता. 'पारदर्शक' म्हणजे कोणत्या तरंगलांबीला पारदर्शक, हा प्रश्न आता त्याला कोणी शिकवावा लागणार नाही.

मार्चमध्ये हाच खेळ दुपारी पत्र्याच्या खोलीत मांडला, तेव्हा पहारेकरी पेंगायला लागला. कारण मोजता येतं. ३३ अंशांचा आदर्श पृष्ठभाग चौरस मीटरला सुमारे ४९७ वॉट ऊर्जा बाहेर टाकतो. पावसाळ्यात आमच्याकडे वर्गाची भिंत २२ अंशांवर असते. ती ४२९ वॉट टाकते. फरक ६८ वॉटचा. मार्चच्या दुपारी भिंत ३२ अंशांवर गेली की ती ४९१ टाकते, फरक उरतो ६. सेन्सरला दिसतो तो हा फरक, म्हणजे त्याच्यासाठी तुम्ही दहा पटींनी फिके झालात. म्हणून हा खेळ जून-जुलैत, पाऊस झोडपत असताना घ्यावा.

रात्री-सांजेला अशाच सेन्सरचा कुंपणाचा दिवा आपोआप लागला की 'करणी', 'बाहेरचं काहीतरी' असं अजूनही गावोगाव बोललं जातं. काळ्या जादूविरुद्ध कर्नाटकात २०१७ चा कायदा आहे, पण दिव्याचं भूत उतरवायला घुमटाखालचे ते दोन तुकडे पुरतात. मांजर गेलं असेल, किंवा उन्हाने तापलेली फांदी सांजेच्या वाऱ्यात हलली असेल. तितकाच राग मला खोक्यावर 'एआय' छापून तोच साधा सेन्सर महाग विकणाऱ्यांचा येतो. माणूस आणि कुत्रा यांतला फरक या दोन तुकड्यांना कळत नाही. शाळेचे पैसे त्या दोन अक्षरांवर घालवू नयेत.

जोडणीचं थोडक्यात सांगतो. सेन्सर झिगबी पद्धतीचे, म्हणजे कमी विजेवर बिनतारी संदेश पाठवणारे घ्या. बटणासारख्या सेलवर ते बरेच महिने चालतात. मधला मेंदू म्हणून 'रास्पबेरी पाय' या तळहाताएवढ्या संगणकावर 'होम असिस्टंट' हे मोफत सॉफ्टवेअर टाका. जंगलाकडच्या गावांत नेट गेलं तरी खेळ थांबत नाही, कारण सगळा हिशेब खोलीतच होतो. फक्त रास्पबेरी पाय आणि बल्बला इन्व्हर्टरची वीज द्या. नियम मुलांकडूनच लिहून घ्या: 'हालचाल दिसली तर लाल', 'कपाट उघडलं आणि बल्ब लाल नाही, तर हिरवा'. बॅटरीवरचे बरेच सेन्सर एकदा जागे झाले की सेल वाचवण्यासाठी मिनिटभर पुढची हालचाल कळवत नाहीत. एका गटाने हे हेरलं. एकाने मुद्दाम हात हलवून बल्ब लाल केला, तो विझताच उरलेल्या सेकंदांत बाकीचे धावले. नियमात बसत असल्याने आम्ही तो विजय मान्य केला.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. खोलीचं दार कधीही खरोखर बंद करायचं नाही, स्मार्ट कुलपाने तर मुळीच नाही. ४ जानेवारी २०१९ ला पोलंडमधल्या कोशालिन शहरात एस्केप रूमला आग लागून १५ वर्षांच्या पाच मुली गेल्या. त्यांना बाहेर पडता आलं नाही. आमच्याकडे बंद असतं ते कपाट. खोलीचं दार सताड उघडं असतं, त्यासमोर बाक ठेवत नाही, आणि एक शिक्षक पूर्ण वेळ उंबऱ्याशी उभे राहतात.