पाळीव पाणकासवाचे कवच: जिवंत हाडाची देखभाल

टाकीतल्या कासवाला उचलून हातात घेतले, की त्याचे डोके, पाय आणि शेपूट आत जातात आणि आपल्या हातात उरते ते एक टणक, गार कवच. त्यामुळे कवच हे कासवाचे घर आहे आणि कासव त्यात नुसते राहते, असा समज लहानपणीच पक्का होतो. प्रत्यक्षात ते घर नसून त्याचा सांगाडाच आहे. पाठीवरची ढाल रुंद होऊन एकमेकांना जुळलेल्या बरगड्या आणि पाठीचा कणा यांची बनलेली असते, पोटाकडची ढाल वेगळ्या हाडांची असते आणि दोन्ही मिळून सुमारे ५० हाडे या एका पेटीत सांधलेली असतात. खांद्याचे हाड असलेल्या इतर पृष्ठवंशी प्राण्यांमध्ये ते बरगड्यांच्या बाहेर असते. कासवात मात्र ते बरगड्यांच्या आत गेलेले आहे. या हाडांमधून रक्तवाहिन्या आणि चेतातंतू जातात, म्हणून पाठीवर फिरवलेले बोट कासवाला कळते आणि कवचाला झालेली जखम त्याला दुखते.

हाडांवर केराटिनच्या पातळ तकटांचे आच्छादन असते. आपली नखेही केराटिनचीच असतात. या तकटांना शल्क म्हणतात आणि बहुतेक कासवांच्या पाठीवर ती ३८ असतात. शल्कांच्या रेषा आणि खालच्या हाडांचे सांधे एकमेकांवर येत नाहीत, जसे पक्क्या बांधकामात विटांचे सांधे एकावर एक येऊ दिले जात नाहीत, आणि त्यामुळे कवचाला जास्त बळकटी मिळते. पाणकासव वाढते तसे शल्काचा जुना थर सुटतो. एखाद्या सकाळी पाण्यावर अभ्रकासारखी पातळ, जवळजवळ पारदर्शक चकती तरंगताना दिसते. ती उजेडासमोर धरली तर त्या शल्काचा पूर्ण आकार आणि वाढीच्या फिकट रेषा स्पष्ट दिसतात. हे पाहून घाबरण्याचे कारण नाही. मात्र अर्धवट सुटलेले शल्क नखाने ओढून काढण्याचा मोह आवरायलाच हवा, कारण खालचा थर अजून कोवळा असतो आणि तो उघडा पडला, की जंतूंना आयती वाट मिळते. जुने थर गळून न पडता एकावर एक साचत राहिले, तर मात्र कासवाला अंग पूर्ण कोरडे करता येईल अशी जागा आहे का, ते आधी पाहावे.

कवचाच्या देखभालीत ही कोरडी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष होते. पाणकासव तासन्‌तास ऊन खात बसते ते आळसाने नव्हे. त्याचे शरीर बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालते, अन्न पचण्यासाठीही ती ऊब लागते, आणि सतत ओल्या राहणाऱ्या कवचावर वाढणाऱ्या शेवाळाला आणि बुरशीला कोरडेपणाने आळा बसतो. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले रेड-इअर्ड स्लायडर हे सर्वत्र पाळले जाणारे कासव घेतले, तर पाणी साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि बसायची जागा ३२ ते ३५ अंश असावी. त्या जागेवर चारही पाय आणि पोट पाण्याबाहेर येईल इतका उंचवटा हवा. अर्धा बुडालेला दगड या कामाचा नाही.

उन्हाचे दुसरे काम रसायनाचे आहे. सूर्यप्रकाशातील यूव्हीबी किरण त्वचेवर पडले, की शरीरात डी-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्याशिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. काच हे किरण अडवते, म्हणून बंद खिडकीशी ठेवलेल्या टाकीत ऊन दिसते, पण उपयोगाचे किरण पोहोचत नाहीत. साधा बल्ब ऊब देतो, यूव्हीबी देत नाही. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांकरिता बनवलेला यूव्हीबी दिवा रोज १० ते १२ तास लागतो, आणि त्याचा उजेड तसाच दिसत असला तरी किरण हळूहळू कमी होत जातात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा.

कॅल्शियम कमी पडले, की रक्तातील त्याचे प्रमाण टिकवण्यासाठी शरीर हाडांतून उचल करू लागते आणि कासवाचा सर्वांत मोठा साठा कवचातच असतो. हा साठा किती कामाचा आहे, ते उत्तर अमेरिकेतील पेंटेड टर्टल दाखवते. गोठलेल्या तळ्याच्या तळाशी ऑक्सिजनशिवाय ते महिनोन्‌महिने तग धरते, आणि त्या काळात अंगात साचणारे लॅक्टिक आम्ल कवचातून सुटणाऱ्या कार्बोनेट क्षारांनी शमवले जाते. पाळीव कासवाची उचल मात्र परत भरली जात नाही, कारण त्याला निव्वळ मांस किंवा सुकी कोळंबी खायला घातली जाते; त्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम त्या मानाने तुटपुंजे असते. एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट असावे. त्यासाठी कासवांचे तयार खाद्य, हिरवी पाने, पाणवनस्पती आणि कुरतडायला समुद्रफेणाचा तुकडा द्यावा. पालक मात्र रोज देऊ नये, त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते.

कवचाला चकाकी यावी म्हणून तेल लावण्याची सवय अनेकांना आहे. तिचा काहीही फायदा नाही. तेलावर घाण बसते आणि पाणी खराब होते. शेवाळ धरले असेल तर मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरते. नंतर हात साबणाने धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात.

आठवड्यातून एकदा कवच उजेडात नीट पाहावे, विशेषतः पोटाची बाजू, कारण ती एरवी नजरेस पडत नाही. अंगठ्याने हलकेच दाबून पाहावे: अगदी लहान पिल्लाचे कवच किंचित लवचिक असते, पण मोठ्या कासवाचे दबता कामा नये. (मऊ कवचाच्या जातींची पाठ मुळातच कातडी असते, त्यांना ही कसोटी लागू नाही.) खड्डे, सुटणारे तुकडे, लालसर डाग किंवा कुजका वास आढळला, तर जंतूंमुळे कवच सडू लागले असण्याची शक्यता असते. हा संसर्ग हाडापर्यंत आणि पुढे रक्तात उतरू शकतो, म्हणून घरगुती मलमांत दिवस न घालवता पशुवैद्याकडे जावे. तडा गेला असेल तर कासवाला पाण्याबाहेर, स्वच्छ ओलसर कापडावर ठेवून न्यावे. घरातल्या गोंदाने तडा कधीही बुजवू नये, कारण आत जंतू कोंडले जातात. उपचार झाले, ऊब, प्रकाश आणि आहार सुधारला, की मऊ पडलेले कवच पुन्हा टणक होऊ लागते, पण त्याला महिने लागतात, आणि वाढीच्या वयात वाकडा झालेला आकार बहुधा तसाच राहतो.