माजी सैनिकांच्या दवाखान्यातलं सामाजिक गरजांचं स्क्रीनिंग

सामाजिक गरजांचं स्क्रीनिंग म्हणजे दवाखान्यात आलेल्या पेशंटचं बीपी, वजन बघतानाच त्याला राहायला घर आहे का, घरात खायला पुरतंय का, लाइटबिल थकलंय का, इथपर्यंत यायला गाडी मिळते का असले प्रश्न ठरवून विचारायचे, आणि अडचण निघाली तर पुढची सोय लावून द्यायची. माजी सैनिकांसाठी ही पद्धत अमेरिकेत तिथल्या व्हेटरन्स अफेअर्स खात्यात, म्हणजे सगळे ज्याला व्हीए म्हणतात तिथे, मोठ्या प्रमाणावर चालते, म्हणून ही नोंद मुख्यतः त्याबद्दलच आहे. व्हीएची साधारण १७० हॉस्पिटलं आहेत, हजाराच्या वर छोटी क्लिनिकं आहेत आणि नाव नोंदवलेले माजी सैनिक ९० लाखांच्या आसपास.

आता डॉक्टरनं लाइटबिलाची चौकशी का करायची? डायबेटिसचा पेशंट घ्या. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि हा माणूस दोन महिने स्वतःच्या गाडीत झोपतोय, किंवा घर आहे पण महिनाअखेरीला पैसे संपले की जेवण अर्ध्यावर येतं आणि इन्सुलिन मात्र ठरलेल्या डोसचंच टोचतोय, मग शुगर एकदम खाली जाते आणि इमर्जन्सीत आणतात. कागदावर मात्र 'पेशंट औषध नीट घेत नाही' एवढंच दिसतं, डॉक्टर डोस बदलतो, अजून एक गोळी वाढवतो, आणि मूळ दुखणं तिथेच राहतं. कारण ते दुखणं शरीरात नाहीच, खिशात आहे.

व्हीएत सोशल वर्कर १९२६ पासून आहेत, म्हणजे गरजा बघायचं काम काही नवं नाही. पण पूर्वी सोशल वर्करकडे पोचायचं तर आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं, नाहीतर पेशंटनं स्वतः तोंड उघडायला हवं होतं. आणि फौजेतला माणूस तोंड उघडत नाही! हे आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको, रिटायर सुभेदाराला कधीही विचारा, उत्तर एकच, 'सब ठीक है साब'. म्हणून मग सगळ्यांनाच विचारायचं, एकट्याला वेगळा काढून नाही, असं ठरलं, म्हणजे कुणाला आपल्यावरच संशय घेतला असं वाटत नाही.

याची मोठी सुरुवात घरापासून झाली. नोव्हेंबर २००९ मध्ये तेव्हाचे व्हीए सचिव एरिक शिन्सेकी (हे स्वतः व्हिएतनाम युद्धात जखमी झालेले, पायाचा काही भाग गमावलेले जनरल) यांनी पाच वर्षांत माजी सैनिकांचं बेघरपण संपवू असं जाहीर केलं. ते काही पाच वर्षांत संपलं नाही. पण त्या धडपडीतून ऑक्टोबर २०१२ मध्ये एक साधी गोष्ट सुरू झाली, डॉक्टर-नर्सच्या कॉम्प्युटरवर येणारा रिमाइंडर. प्रश्न दोनच: गेले दोन महिने तुम्ही स्वतःच्या, भाड्याच्या किंवा कुटुंबाच्या पक्क्या घरात राहताय का, आणि पुढच्या दोन महिन्यांत ते घर हातचं जाईल अशी काळजी वाटते का. दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण रस्त्यावर आल्यावर सोय करण्यापेक्षा भाडं थकलेलं असतानाच हात दिला तर खर्चही कमी आणि माणसाची फरफटही कमी. सुरुवातीच्या काही महिन्यांत १५ लाखांच्या वर लोकांना विचारून झालं, त्यात ०.९ टक्के तेव्हाच बेघर निघाले आणि १.२ टक्के त्या वाटेवर होते. टक्के बघून किरकोळ वाटतं, पण १५ लाखांचे २ टक्के म्हणजे ३० हजार माणसं झाली.

जेवणाचा प्रश्न नंतर आला, २०१७ मध्ये. आधी एकच प्रश्न होता, गेल्या तीन महिन्यांत घरातलं अन्न संपलं आणि आणायला पैसे किंवा दुसरा मार्ग नाही असं झालं का. पण 'संपलं' हे कबूल करायला जड जातं, आणि खरं म्हणजे अन्न पार संपायच्या आधीच माणूस ताटातलं कमी करत आलेला असतो, त्याची तर मोजणीच होत नव्हती. मग पुढे दोन प्रश्नांचा संच घेतला, जो अमेरिकेच्या कृषी खात्याच्या १८ प्रश्नांच्या लांबलचक यादीतून काढलेला आहे. यात गेल्या १२ महिन्यांचं विचारतात, पैसे हातात यायच्या आधी अन्न संपेल अशी काळजी वाटली का आणि आणलेलं पुरलं नाही असं झालं का, आणि उत्तर 'बऱ्याचदा', 'कधीकधी' किंवा 'कधीच नाही' असं द्यायचं. 'कधीकधी' म्हणायला जीभ लवकर वळते, तिथेच अर्धं काम होतं.

मग २०१८ मध्ये अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या व्हीए केंद्रांतून एकॉर्न नावाचा उपक्रम सुरू झाला. एकॉर्न म्हणजे ओक झाडाचं फळ, पण इथे ते इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून जुळवलेलं आहे, नाव जुळवायची हौस तिकडच्या सरकारी खात्यांनाही आहेच. यात एकेक गरज सुटी न बघता घर, जेवण, वीज-पाणी-गॅस, प्रवास, नोकरी, शिक्षण, कायद्याच्या भानगडी, एकटेपणा, फोन-इंटरनेट असं सगळं एकाच फॉर्ममध्ये येतं, आणि तो नर्स विचारू शकते, फोनवर होतो किंवा पेशंट स्वतः टॅबलेटवर भरतो. एकटेपणा आणि इंटरनेट बघून पहिल्यांदा जरा नवल वाटतं, पण कोविडनंतर बऱ्याच अपॉइंटमेंट व्हिडिओवर गेल्या आणि डोंगरातल्या म्हाताऱ्याकडे सिग्नलच नसेल तर त्याच्यासाठी तो दवाखाना बंदच की. व्हीए अशांना टॅबलेट उसना देतं.

खरी गोम प्रश्नानंतर आहे. 'हो' आल्यावर हातात काय ठेवणार? व्हीएकडे निदान ठेवायला काहीतरी आहे, यात ते बाहेरच्या साध्या हॉस्पिटलपेक्षा बरेच पुढे आहेत, कारण उपचार आणि योजना बऱ्यापैकी एकाच छपराखाली. बेघर असेल तर घरभाड्याचं व्हाउचर, ज्यात भाड्याचा भार गृहनिर्माण खातं उचलतं, भाडेकरू उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतो आणि व्हीएचा केस मॅनेजर पाठीशी असतो. प्रवासासाठी पात्र लोकांना मैलाला ४१.५ सेंट मिळतात, शिवाय डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स या संघटनेचे स्वयंसेवक गाडीतून ने-आण करतात. काही ठिकाणी तर वकीलच व्हीएच्या केंद्रात बसतात, कनेक्टिकट राज्यात हे २००९ पासून चालू आहे, कारण घर खाली करायची नोटीस किंवा दंड न भरल्यामुळे अडकलेलं लायसन्स यावर डॉक्टर काय औषध देणार.

पण या योजनांचेही नियम एकमेकांच्या पायात येतात. फौजेच्या नोकरीत झालेल्या जखमेबद्दल किंवा आजाराबद्दल मिळणारा अपंगत्वाचा भत्ता उत्पन्न धरला जायचा, त्यामुळे सगळ्यात जास्त जखमी माणूसच घराच्या व्हाउचरला 'श्रीमंत' ठरून अपात्र व्हायचा! पात्रता ठरवताना हा भत्ता धरू नये असा बदल २०२४ मध्ये झाला, इतक्या उशिरा. माजी सैनिकांतल्या बेघरांची एका रात्रीतली मोजणी २०१० मध्ये ७४ हजारांच्या वर होती ती २०२४ ला ३२,८८२ वर आली, पण त्यात व्हाउचरचा आणि केस मॅनेजरचा वाटा मोठा, नुसत्या प्रश्नांना श्रेय देऊ नये.

तक्रारीही आहेत. नर्सच्या स्क्रीनवर रिमाइंडरची रांगच लागते, आत्महत्येचा धोका, दारू, डिप्रेशन, २०२२ पासून विषारी धूर-रसायनांच्या संपर्काचं वेगळं स्क्रीनिंग, मग घर, मग जेवण, आणि मागे वेटिंगमध्ये माणसं बसलेली. अशात प्रश्न यंत्रासारखा वाचला जातो, 'घराचा काही प्रॉब्लेम नाही ना?' असा उलटा विचारला जातो, आणि उत्तर अर्थातच 'नाही'. शिवाय गरज निघाली तरी मदत नको म्हणणारे बरेच असतात, कुणाला वाटतं आपल्यापेक्षा वाईट हाल असलेल्याला द्या, कुणाला आधीच्या फॉर्मांचा वीट आलेला असतो. म्हणून 'अडचण आहे का' आणि 'मदत हवी का' हे दोन प्रश्न वेगळे ठेवणं बरं.

आणि जे दारातच येत नाहीत त्यांचं काय हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत माजी सैनिक १ कोटी ८० लाखांच्या आसपास, म्हणजे निम्मे व्हीएच्या यादीतच नाहीत. ज्यांना शिस्तभंगावरून वाईट शेऱ्यानिशी फौजेतून काढलं त्यातल्या अनेकांना व्हीएचे उपचारच मिळत नाहीत, आणि बेघर व्हायची शक्यता नेमकी याच लोकांत जास्त.

आपल्याकडे माजी सैनिकांचे उपचार १ एप्रिल २००३ ला सुरू झालेल्या ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून होतात, आणि घर, मुलांची शिष्यवृत्ती, विधवांची मदत, नोकरी ही कामं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे. दोन वेगळी दारं. सातारा-कोल्हापूरकडच्या खेड्यातला पेन्शनर बीपीच्या गोळ्यांसाठी एका दारात उभा राहतो, आणि दुसऱ्या दारात जायचं त्याचं त्यालाच सुचावं लागतं.