चेंबरचं सदस्यत्व म्हणजे निर्यातीचा परवाना नव्हे
‘चेंबर ऑफ कॉमर्सचे सदस्य झाल्याशिवाय माल परदेशी पाठवता येत नाही’ हा समज नव्या उद्योजकांत अजून पक्का आहे. तसं काही नाही. चेंबर ही उद्योजक-व्यापाऱ्यांची स्वतःची संस्था. पुण्याचं मराठा चेंबर १९३४ पासूनचं, पण सरकारी खातं नव्हे. निर्यातीला लागतो तो आयईसी, म्हणजे आयातदार-निर्यातदार क्रमांक. तो केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) पोर्टलवर ५०० रुपयांत निघतो (काही एजंट त्याचेच हजारो उकळतात). चेंबरकडून घ्यायचा तो मालाच्या मूळ देशाचा साधा दाखला, त्याचाही अर्ज ऑनलाइनच. अर्ज अडतो तो बहुधा इन्व्हॉइसमधला एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) किंवा मालाचं वर्णन दाखल्याच्या अर्जाशी जुळत नाही म्हणून. शिवाय या दाखल्यावर ग्राहकाला आयातशुल्कात सवलत मिळत नाही. त्यासाठी देशांमधल्या व्यापार करारानुसारचा वेगळा दाखला लागतो. तो डीजीएफटी, निर्यात तपासणी परिषद अशा यंत्रणा देतात.