आयर्विन पुलाचे फूट आणि विश्वाचा हिशेब

पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना पहिलं विचारतात, "पुलाला पाणी किती?" कोयनेचा विसर्ग वाढला की आयर्विन पुलापाशी ४० फुटांची इशारा पातळी कधी येईल, ४५ फुटांची धोका पातळी ओलांडेल का, याचे हिशेब घरोघर सुरू होतात. नदी मागे वळवून प्रयोग करता येत नाही. वेगवेगळे विसर्ग धरून गणित मांडायचं आणि पट्टीवरच्या आकड्याशी कोणतं जुळतं ते बघायचं. डार्क एनर्जीचा, म्हणजे विश्वाचं प्रसरण वेगवान करणाऱ्या कृष्ण ऊर्जेचा, शोधही असाच चालतो. विश्व एकच आहे आणि ते पुन्हा सुरू करता येत नाही.

ही रीत संगणकाच्याही आधीची. १९४१ साली स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी दीर्घिकांमधल्या द्रव्याच्या जागी ७४ दिवे मांडून दोन दीर्घिकांची टक्कर अभ्यासली. उजेड आणि गुरुत्वाकर्षण, दोन्ही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतात; म्हणून ओढ किती हे उजेड मोजून कळत होतं. या साऱ्या इतिहासात मला हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

१९८५ मध्ये डेव्हिस, एफ्स्टाथियू, फ्रेंक आणि व्हाइट यांनी ३२,७६८ कणांचं विश्व संगणकात चालवलं. पुढे आकाशातल्या दीर्घिकांची मोजणी आली आणि फरक दिसला: मोठ्या अंतरांवर दीर्घिकांचे पुंजके अपेक्षेहून जास्त होते. १९९० मध्ये एफ्स्टाथियू आणि सहकाऱ्यांनी आइन्स्टाइनचा १९१७ मधला, नंतर त्यांनीच टाकून दिलेला वैश्विक स्थिरांक, म्हणजे काळानुसार न बदलणारी कृष्ण ऊर्जा, परत घ्या असं सुचवलं. दूरच्या सुपरनोव्हांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचं कळलं ते १९९८ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. २०११ चं नोबेल त्या शोधाला मिळालं. १९९० च्या त्या सूचनेची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही, याचं वाईट वाटतं.

सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकात चालवलेल्या अशा विश्वात, बघायचं असतं ते हे: गुरुत्वाकर्षण द्रव्य गोळा करतं, प्रसरण ते पांगवतं. कृष्ण ऊर्जेचा जोर चढला की पुंजके वाढायचे मंदावतात. कधी मंदावले, यावरून तिचा स्वभाव ओळखायचा.

२००५ मध्ये, सांगलीत पूर आला त्याच वर्षी, मिलेनियम सिम्युलेशनने हजार कोटींहून जास्त कण हाताळले. युक्लिड या अवकाश दुर्बिणीसाठीच्या हिशेबात आता लाखो कोटी कण असतात. २०२४ आणि २०२५ मध्ये दीर्घिकांचा नकाशा करणाऱ्या डेसी सर्वेक्षणाने कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असावी असे संकेत दिले. ते अजून पक्के नाहीत. पण स्थिर ऊर्जेचं विश्व आणि बदलत्या ऊर्जेचं विश्व अशी दोन्ही गणितं आता शेजारी शेजारी चालवावी लागतात.